प्राचीन घराचे वय कशावरून ठरले, तेही छापावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कुठे पाया खणताना जुनी वीट लागली किंवा शेताच्या बांधाशी भिंतीचा अवशेष उघडा पडला, की दुसऱ्या दिवशी त्याचे वय वृत्तपत्रांत छापून येते. ‘दोन हजार वर्षांपूर्वीचे घर’, ‘शिलाहारकालीन वास्तू’, ‘आदिमानवाची वस्ती’ असे मथळे आपण सारेच वाचतो. हे वय कोणी ठरवले आणि कशावरून ठरवले, याबद्दल मात्र बातमीत बहुधा एक ओळही नसते. ठाण्यात सध्या जुन्या घरांचा पुनर्विकास, समूह विकास योजना आणि मेट्रोची कामे यांमुळे ठिकठिकाणी जमीन खोल खणली जात आहे. जुन्या वस्तीचे अवशेष हाती येण्याची शक्यता जितकी आज आहे तितकी पूर्वी क्वचितच असेल, आणि ते कायमचे नाहीसे होण्याची शक्यताही तेवढीच आहे. म्हणून प्राचीन घरांचे वर्गीकरण व कालनिश्चिती कशी होते, याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मुळात ही दोन वेगळी कामे आहेत. घर कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवणे म्हणजे वर्गीकरण, आणि ते केव्हा बांधले, केव्हापर्यंत वापरले, केव्हा सोडले हे ठरवणे म्हणजे कालनिश्चिती. वर्गीकरणात घराचा तलविन्यास गोल, लंबगोल, चौरस की आयताकृती हे पाहतात. भिंत कुडाची, मातीची, कच्च्या विटेची, भाजलेल्या विटेची की दगडाची हे पाहतात. जमीन कशी केली होती, चूल कुठे होती, धान्य कशात साठवत आणि दार कोणत्या अंगाला होते याची नोंद करतात. मोहेंजोदडोच्या घरांचे गट पाडताना तर घराच्या मानाने अंगण कोणत्या बाजूला आहे, हीच मुख्य खूण धरण्यात आली. यांतले काहीही घराचे वय सांगत नाही. ते फक्त सांगते की ही घरे एकमेकांसारखी आहेत आणि ती वेगळी आहेत. वर्गीकरणातून थेट वयावर उडी मारणे ही आपल्याकडच्या बातम्यांतली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे करण्यात आले. भारतातल्या एखाद्या ताम्रपाषाणयुगीन खेड्याची घरे इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या बारकाईने क्वचितच अभ्यासली गेली आहेत. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, त्या टेकाडात एकावर एक तीन काळ सापडले: सर्वांत खाली माळवा संस्कृतीचा, साधारण इ. स. पू. १६०० ते १४००. त्यावर जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा, म्हणजे पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. आणि सर्वांत वर तिचाच नंतरचा टप्पा, म्हणजे उत्तर जोर्वे, १००० ते ७००.

आता या तीन काळांतली घरे पाहा. माळवा काळातली घरे ऐसपैस, आयताकृती, गोलसर कोपऱ्यांची आहेत. मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कूड आणि आत आडभिंत घालून केलेले दोन भाग, अशी त्यांची साधारण रचना आहे. पूर्व जोर्वे काळातही घरे मोठी व आयताकृतीच राहिली, पण ती ओळीत बांधलेली दिसतात आणि दोन घरांमध्ये येण्याजाण्यापुरती जागा सोडलेली आढळते. त्यांत एक पाच खोल्यांचे घर आहे. त्याला लागून धान्याचे कोठार आहे, आणि त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात केलेले दफन सापडले. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांनी अनुमान केले. उत्तर जोर्वे काळात मात्र चित्र पालटते. तिथे लहान गोल झोपड्या आहेत आणि त्यांतल्या दोन-चार मिळून एक कुटुंब राहत असावे, अशा त्या घोळक्याने उभ्या आहेत.

म्हणजे इनामगावला आयताकृती मोठे घर आधीचे आणि गोल झोपडी नंतरची. पश्चिम आशियात बरोबर उलटे आहे. जेरिकोसारख्या ठिकाणी गोल घरे खालच्या थरात आहेत आणि आयताकृती घरे वरच्या थरात. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी १९७२ मध्ये गोल झोपड्यांच्या वस्तीकडून आयताकृती घरांच्या खेड्याकडे झालेल्या वाटचालीची जी मांडणी केली, ती अशाच पुराव्यावर उभी होती. ती मांडणी जशीच्या तशी उचलून भीमेच्या खोऱ्यात लावली असती, तर इनामगावची सर्वांत अलीकडची घरे सर्वांत जुनी ठरली असती. उत्तर जोर्वे काळातल्या या बदलाचा संबंध ढवळीकरांनी घटत्या पावसाशी आणि त्यातून आलेल्या दारिद्र्याशी जोडला. त्या स्पष्टीकरणावर मतभेद होऊ शकतात आणि झालेही आहेत. पण क्रमाबद्दल मतभेद नाही, कारण तो घरांच्या आकारावरून नव्हे तर थरांवरून ठरलेला आहे. म्हणून ‘गोल झोपडी, म्हणजे फार प्राचीन’ असे वाक्य बातमीत दिसले, की मला चिंता वाटते.

थर म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय या कामातली शिस्त लक्षात येत नाही. मातीच्या घराचे छप्पर आणि वरची भिंत जवळजवळ कधीच टिकत नाहीत. उरते ते फार तर भिंतीचे बूड, सारवलेली जमीन आणि खांबांचे खळगे. खांब कुजून जातो, पण त्याच्या खळग्यात नंतर भरलेली माती भोवतीच्या घट्ट मातीपेक्षा मऊ आणि वेगळ्या रंगाची असते. लहान थापीने आणि ब्रशने जमीन खरवडत गेले, की तिच्यात गोल डाग दिसू लागतात. डागांच्या रांगेवरून भिंतीची रेषा कळते आणि मधल्या अंतरांवरून छप्पर कसे पेलले असेल याचा अंदाज बांधता येतो. घरातली जमीन एकदाच केलेली नसते. चोपून केलेल्या जमिनीवर पुन्हा माती, पुन्हा सारवण, असे अनेक पदर एकावर एक चढलेले असतात. तुर्कस्तानातल्या चातालह्यूयुक येथे तर एकेका घराच्या भिंतीवर गिलाव्याचे शेकडो पातळ पदर मोजले गेले आहेत. प्रत्येक पदर म्हणजे घरात कोणीतरी राहत होते याची नोंद आहे, आणि दोन पदरांमध्ये साचलेली धूळ किंवा राख हीसुद्धा नोंदच आहे.

इनामगावच्या घरांत लहान मुलांची दफने जमिनीखाली केलेली सापडतात. मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवलेले असतात. इथे खरी कसोटी लागते. तो खड्डा कोणत्या जमिनीवरून खणला आहे? वरच्या जमिनीवरून खणलेला खड्डा खालच्या दोन-तीन जमिनी कापत जातो. त्यामुळे त्यातले कुंभ खालच्या जमिनीच्या पातळीवर सापडले, तरी ते तिच्यानंतरचे असतात. खड्ड्याची कड कुठून सुरू होते हे ज्याने पाहिले नाही, त्याला खोली मोजून काहीही हाती लागणार नाही. ‘दहा फूट खोल सापडले, म्हणजे फार जुने’ हे वाक्यही म्हणूनच निरर्थक आहे. उंदीर, झाडांची मुळे, जुन्या विहिरी आणि नंतरच्या लोकांनी खणलेले खड्डे, या सर्वांनी टेकाडाची उलथापालथ केलेली असते.

थरांनी आधी-नंतर ठरते. वर्षे ठरवायला आणखी साधने लागतात. खापरे हे त्यांतले सर्वांत रोजचे साधन आहे. लाल पृष्ठभागावर काळी भौमितिक नक्षी आणि टिचकी मारली असता धातूसारखा खणखणीत आवाज, या खुणांवरून जोर्वे खापर सरावलेल्या डोळ्याला व कानाला चटकन ओळखू येते. एका ठिकाणी ज्या थराचे वर्ष नक्की झाले आहे, त्यातल्यासारखी खापरे दुसऱ्या ठिकाणी मिळाली तर तो थर साधारण त्याच काळचा धरता येतो. पण ते नक्की वर्ष आले बहुतांशी कार्बन-१४ पद्धतीमुळे.

या पद्धतीशी आपल्या परिसराचे जवळचे नाते आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत विकसित केली आणि तिच्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात त्यानंतर थोड्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिची प्रयोगशाळा उभी राहिली. देवेंद्र लाल, धर्मपाल अग्रवाल, शीला कुसुमगर यांनी तिथे देशभरातल्या उत्खननांतल्या कोळशाचे वय काढले, आणि पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. त्या काळच्या उत्खनन अहवालांत नमुन्याच्या क्रमांकाआधी ‘टीएफ’ अशी अक्षरे दिसतात, ती कुलाब्याच्या त्या प्रयोगशाळेची खूण आहे. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगाचे कालमापन बऱ्याच अंशी अशा क्रमांकांवर उभे आहे.

सजीवाच्या शरीरातला किरणोत्सारी कार्बन मृत्यूनंतर घटत जातो आणि सुमारे ५७३० वर्षांत निम्मा होतो, एवढे शालेय पुस्तकातही असते. जे सांगितले जात नाही ते असे, की या मापनातून मिळते ते त्या झाडाच्या किंवा धान्याच्या वाढीचे वर्ष. घर बांधल्याचे नव्हे. खांबासाठी वापरलेल्या मोठ्या सागाच्या गाभ्यातला कोळसा घेतला, तर झाड तोडण्याच्या शे-दीडशे वर्षे आधीचे वय येऊ शकते. शिवाय लाकूड फुकट जाऊ देत नाहीत. आजही ठाण्यातला जुना वाडा पाडला, की त्याच्या तुळया विकल्या जातात आणि दुसरीकडे बसवल्या जातात. प्राचीन माणसाने तसे केले नसेल असे मानायला कोणताही आधार नाही. म्हणून चुलीतला किंवा साठवणीच्या खड्ड्यातला जळालेला दाणा हा खांबाच्या कोळशापेक्षा कितीतरी चांगला साक्षीदार असतो. तो एकाच हंगामाचा असतो आणि बहुधा त्या घरातल्या माणसांच्याच जेवणातला असतो. बातमीत ‘कार्बन चाचणीनुसार’ एवढेच न छापता चाचणी कशाची केली, दाण्याची की खांबाची, हे छापले तर वाचकाला वयाचे वजन कळेल.

आणखी एक अडचण खास महाराष्ट्राच्या संदर्भात मोलाची आहे. वातावरणातल्या कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नसल्यामुळे मोजलेल्या आकड्याचे कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर करावे लागते. त्यासाठी झाडांच्या वर्षवलयांवरून तयार केलेला आलेख वापरतात. या आलेखात इ. स. पू. सुमारे ८०० ते ४०० हा टप्पा जवळपास सपाट आहे. म्हणजे या चारशे वर्षांतल्या कोणत्याही वर्षाचा नमुना मोजला, तरी आकडा सारखाच येतो. इनामगावची शेवटची वस्ती इ. स. पू. सुमारे ७०० ला संपते असे आपण म्हणतो आणि त्यानंतर महाराष्ट्रातली नगरे उदयाला येईपर्यंतचा काळ अंधुक वाटतो. त्या अंधुकपणात या सपाट टप्प्याचाही वाटा आहे. अशा वेळी एकच नमुना पुरत नाही. एकावर एक असलेल्या थरांतले अनेक नमुने घेऊन, त्यांचा क्रम गणितात धरून संख्याशास्त्रीय पद्धतीने कालमर्यादा आवळत न्यावी लागते. ते खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे, आणि त्यासाठी नमुना कोणत्या थरातला हे निःसंशय माहीत असणे ही पहिली अट आहे.

विटांच्या घरांना ताप-संदीप्तीची (थर्मोल्युमिनिसन्स) पद्धत लावता येते. वीट शेवटची केव्हा तापली ते तीतून कळते, आणि त्यात साधारण पाच ते दहा टक्के इकडेतिकडे होते. पण वीट भट्टीतून निघाल्याचे वर्ष आणि ती या भिंतीत बसल्याचे वर्ष एकच असेलच असे नाही. हडप्पाच्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी उचलून नेल्या गेल्या, हे सर्वज्ञात आहे.

आता आपल्या गावाकडे येतो. जुन्या ठाण्यात कौलारू घर उतरवले जाते तेव्हा कौलांच्या ढिगात काही वेळा मंगलोरी कौल हाती लागते. त्याच्या पाठीवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हा आकडा ठसठशीत उमटलेला असतो. तो आकडा पाहून घर १८६५ चे असे सांगणारे अनेक भेटतात. वस्तुतः तो कारखाना स्थापन झाल्याचे वर्ष आहे, आणि ते ठशात पुढेही कायम राहिले. त्या कौलावरून एवढेच म्हणता येते की छप्पराचा हा भाग १८६५ च्या आधीचा नाही. तो किती नंतरचा आहे, हे कौल सांगत नाही. सातवाहन नाणे जमिनीत सापडले तर पुरातत्त्वज्ञ नेमके एवढेच म्हणतो: ही जमीन या नाण्याच्या आधीची नव्हे. नाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात.

गेल्या तीनेकशे वर्षांतल्या घरांना तर कार्बन-१४ चा फारसा उपयोग होत नाही, कारण त्या काळात आलेख फार वरखाली होतो. ठाण्यातली बहुतेक जुनी घरे याच काळातली आहेत. तिथे नगर भूमापनाचे उतारे, महसुली नोंदी आणि लाकूड कामाला येते. सागाला वर्षवलये स्पष्ट असतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांचा अभ्यास १९८० च्या दशकातच प्रसिद्ध केला आहे. तो हवामानासाठी होता. तरी अशा वलयांची मालिका हाताशी असताना, पाडल्या जाणाऱ्या वाड्याच्या तुळईचा एक आडवा काप, शक्यतो सालीलगतच्या कडेसह, जपून ठेवायला काय हरकत आहे? झाड कोणत्या वर्षी तोडले ते कदाचित त्यातून वाचता येईल. तुळई फर्निचरसाठी रंधली गेली, की ती कड कायमची जाते.

वर्गीकरणाची मर्यादा पाहायची तर खाडीपलीकडे बेलापूरला जावे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी तिथे जी वसाहत आखली, तिच्यात साधारण सात घरांच्या मधोमध आठ मीटर बाय आठ मीटरचे सामाईक अंगण होते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला घर वाढवता यावे अशी सोय होती. चार दशकांत रहिवाशांनी ती वाढवलीही. काही घरे मूळ उतरत्या छपराची राहिली, तर काहींच्या जागी काँक्रीटचे मजले उभे राहिले. फक्त दिसणाऱ्या रूपावरून प्रकार पाडले, तर एकाच अंगणाभोवतीची घरे वेगवेगळ्या काळांची आणि वेगवेगळ्या लोकांची ठरतील. त्यांना एकत्र ओळखायचे असेल तर अंगणाची जमीन, पायाची रेषा आणि एकाच पातळीवरचे पहिले जोते पाहावे लागेल. इनामगावलाही हेच करावे लागले.

ठाण्याच्या मातीने आपल्याला एकदा नेमकी तारीख दिली होती. १७८७ मध्ये किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले. त्यांवर शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ हे वर्ष कोरलेले होते. लेखानेच वर्ष सांगितल्यामुळे तो थर कोणता होता हे कोणी नोंदवले नाही तरी निभावले. ज्या श्रीस्थानकात, म्हणजे जुन्या ठाण्यात, ते ताम्रपट राहिले, तिथल्या सामान्य माणसाच्या घराने असे काही कोरून ठेवलेले नाही. शिलाहारांचा इतिहास आपण ताम्रपट, शिलालेख आणि अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या वास्तूंवरून लिहितो. पण त्या काळच्या ठाण्यात कोळी, विणकर किंवा व्यापारी कशा घरात राहत, त्यांची चूल कुठे असे, जमीन कशाची असे, हे सांगणारा पुरावा फक्त जमिनीतच आहे. तो राजवाड्याच्या पुराव्यापेक्षा कमी मोलाचा आहे असे मला मुळीच वाटत नाही. आणि जेसीबीच्या एका फटक्यात सर्वांत आधी जातो तो हाच.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे की अशा शोधाची बातमी देताना वार्ताहराने संबंधित अधिकाऱ्याला किंवा अभ्यासकाला हे जरूर विचारावे: वस्तू जागेवरच पाहिली की उचलून आणलेली पाहिली, वय कशाच्या आधारे सांगितले जात आहे, आकाराच्या, खापरांच्या, नाण्याच्या की प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या, आणि ते वय नेमके कशाचे आहे, विटेचे, लाकडाचे की जमिनीचे. उत्तर ‘अजून ठरलेले नाही’ असे असेल तर तसेच छापावे. तीही पूर्ण बातमी आहे.

वाचकांसाठीही एक सांगणे आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही माहिती देण्याआधी वस्तू धुऊन, पुसून, घरी नेऊन ठेवू नये. बांधकामाच्या ठिकाणी भांडे, विटांची ओळ, राखेचा पट्टा किंवा सारवलेल्या जमिनीची कड दिसली, तर तेवढ्या भागातले खोदकाम थांबवावे. खड्ड्याच्या उभ्या कापाचे, शेजारी मोजपट्टी धरून, सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे. वरून किती खाली आहे ते लिहून ठेवावे आणि मग तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला कळवावे. विकासकाचे काम यात फार दिवस अडत नाही. उभा काप नीट नोंदवून, त्यातून जळालेले दाणे, कोळसा आणि खापरे थरवार वेगळी करायला प्रशिक्षित माणसांना थोडेच दिवस पुरतात. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महानगरपालिकांनी बांधकाम परवानगीच्या अटींत एवढी एक अट घालावी, आणि आपल्या दैनिकाने त्यासाठी पाठपुरावा करावा.

आपला,
पुरातत्त्वाचा एक अभ्यासक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)